गारपिटीसाठी वरच्या हवेचे चार्ट: पहिले वारा पहा, रंग सगळ्यात शेवटी

फेब्रुवारी लागला की आमच्या इकडं प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच सीन असतो. कोणीतरी विंडी या हवामानाच्या ॲपचा लालभडक स्क्रीनशॉट टाकतो, खाली "उद्या गारपीट, चना झाका" लिहितो, अन् अर्धं गाव ताडपत्री शोधत फिरतं. दुसऱ्या दिवशी कडक ऊन. असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा कोणी झाकत नाही, अन् गार नेमकी तेव्हाच पडते.

मी स्वतः दोन्ही चुका केल्यात, म्हणून कोणाला हसत नाही. एका एप्रिलात केप (हवेत वर उसळायची ताकद किती ते सांगणारा आकडा) दोन हजाराच्या वर दिसला म्हणून शेजारच्या तिघांना रात्रीतून गहू गोळा करायला लावला, अन् दुसऱ्या दिवशी ढगाचा ठिपका पण आला नाही, काऊन की वर गरम हवेचं झाकण होतं अन् ते मी पाहिलंच नव्हतं. अन् एका फेब्रुवारीत केप जेमतेम सहा-सातशे होता म्हणून निवांत राहिलो, तर चार वाजता बोराएवढ्या गारा आल्या अन् सोंगून ठेवलेला चना वावरातच मातीत गेला. त्या दिवशी ५०० च्या, म्हणजे साधारण ५.८ किमी उंचीच्या हवेच्या चार्टवर वारा पन्नास नॉटच्या आसपास होता. तो चार्ट मी उघडलाच नव्हता.

गडबड होते ती क्रमात. लोक सगळ्यात शेवटी पाहायची गोष्ट सगळ्यात आधी पाहतात. खाली दिलंय ते फेब्रुवारी ते मे या काळासाठी अन् विदर्भासाठीच आहे, पावसाळ्यात हे नियम लावू नका, तेव्हा वाऱ्याची सगळी मांडणीच बदलते.

## तयारी: हे नसेल तर पुढं जाऊ नका

कोरा नकाशा. शाळेच्या स्टेशनरीत मिळतो तो भारताचा कोरा नकाशा, दहा-वीस घेऊन ठेवा. सोबत चार रंगीत पेन्सिली. मोबाईलवर पाहून "समजलं" असं वाटते पण समजत नाही, हातानं रेघ ओढली की पाच मिनिटांत कळते की आपल्याला ट्रफ (वरच्या हवेतला कमी दाबाचा लांबट पट्टा) नेमका कुठं आहे हेच माहीत नव्हतं. पहिल्या नकाशावर आपला जिल्हा पक्का करा. नागपूर साधारण २१ अंश उत्तर अन् ७९ अंश पूर्वेवर आहे, हे दोन आकडे पाठच करा, पुढं लागतात.

वेळ. चार्टवर वेळ यूटीसीत असते. त्यात साडेपाच तास मिळवा.

- ०० यूटीसी म्हणजे सकाळचे ५:३०
- ०६ यूटीसी म्हणजे ११:३०
- ०९ यूटीसी म्हणजे दुपारचे २:३०
- १२ यूटीसी म्हणजे संध्याकाळचे ५:३०

विंडी मोबाईलच्या घड्याळाप्रमाणं दाखवतं, पण हवामान खात्याचे चार्ट अन् रडारच्या इमेज यूटीसीत असतात. दोन्हीची सरमिसळ करून लोक "वादळ येऊन गेलं" म्हणतात तेव्हा ते अजून यायचंच असतं.

उंचीचा हिशोब. वरच्या हवेचे चार्ट किलोमीटरवर नाही, दाबावर काढतात, अन् दाब एचपीएत (हेक्टोपास्कल) मोजतात. हवामान खात्याच्या बुलेटिनमध्ये मात्र किलोमीटर येतात. जोडी अशी लावा:

- ०.९ किमी: साधारण ९२५ ते ९०० एचपीए
- १.५ किमी: ८५० एचपीए
- ३.१ किमी: ७०० एचपीए
- ५.८ किमी: ५०० एचपीए
- १२.६ किमी: २०० एचपीएच्या आसपास

ही सगळी उंची समुद्रसपाटीपासून आहे, वावरापासून नाही. नागपूरच समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरवर आहे, तिथं जमिनीवरचा दाब उन्हाळ्यात ९७० च्या घरात असतो. म्हणजे १००० एचपीएचा चार्ट आपल्यासाठी जमिनीच्या खालचा झाला! मॉडेल (कॉम्प्युटरवर हवेचा अंदाज काढणारा प्रोग्राम) तरी पण तिथं आकडा दाखवते, तो हिशोबानं भरलेला असतो, त्याला काही अर्थ नाही. चिखलदऱ्याला तर ९२५ पण जमिनीखाली जातो.

वाऱ्याची काडी. काडीच्या शेवटी अर्धी रेघ म्हणजे ५ नॉट, पूर्ण रेघ १० नॉट, भरलेला त्रिकोण ५० नॉट. एक नॉट म्हणजे १.८५ किमी ताशी. रेघा ज्या टोकाला असतात तिकडून वारा येतो. वायव्येचा वारा म्हणजे वायव्येकडून येणारा.

> तपासा: नकाशावर अकोल्याला काडी नैऋत्येकडं गेलीये, त्यावर दोन पूर्ण रेघा अन् एक अर्धी. वारा कुठून अन् किती? उत्तर नैऋत्येकडून, २५ नॉट. यात अडखळला असाल तर पुढचं सगळं उलटं वाचाल, आधी हे पक्कं करा.

## टप्पा १: योग्य वेळेचा चार्ट निवडा

मॉडेल सुरू झाल्याची वेळ अन् चार्ट ज्या वेळेसाठी आहे ती वेळ, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याला दुपारून साडेतीन-चारला काय होणार ते हवं, म्हणून दुपारी २:३० चा चार्ट घ्या.

संध्याकाळी ५:३० चा काऊन नाही? कारण मॉडेलनं आपल्या हिशोबात पाऊस पाडून टाकला असेल तर त्यानंतर तिथली हवा थंड दाखवते, केप पडलेला दाखवते, अन् आपण म्हणतो "काही नाही". वादळाच्या आधीचं चित्र पाहायचं असते.

दोन मॉडेल घ्या, ईसीएमडब्ल्यूएफ (युरोपचं) अन् जीएफएस (अमेरिकेचं). दोन्ही एक बोलत असतील तर ठीक. एक बोलते अन् दुसरं गप्प, तर आपल्याला जे आवडते ते निवडू नका, फरक नेमका कोणत्या लेव्हलला आहे ते शोधा. बहुतेक वेळा तो खालच्या ओलाव्यात निघतो.

## टप्पा २: २०० एचपीए, दोन मिनिटांत

इथं जास्त वेळ घालवू नका. जेट कुठं आहे ते पहा, म्हणजे वारा सगळ्यात जोरात असलेला पट्टा. हिवाळा संपताना तो उत्तर भारतावर असतो, कधी कधी खाली सरकतो. मंग आपल्या डोक्यावर वाऱ्याच्या रेघा एकमेकींपासून फाकताना दिसतात का ते पहा. फाकत असतील तर वरून हवा काढून घेतली जातेय, खालची हवा वर यायला जागा होते. चुलीच्या धुराड्यासारखं समजा, वरून ओढ असली की खालचा जाळ भडकतो.

रेघा एकदम समांतर अन् वारा मंद असेल तर वरून मदत नाही. पण एवढ्यावरून दिवस रद्द करू नका.

## टप्पा ३: ५०० एचपीए, इथं बसा

माझ्या मते या सगळ्या कामात निम्मा वेळ हा चार्ट खातो अन् खाल्लाच पाहिजे.

पहिले ट्रफ शोधा, बातम्यांत ज्याला द्रोणीय स्थिती म्हणतात तो. यूट्यूबवरचे अमेरिकेचे व्हिडिओ पाहून लोक उंचीच्या रेघांमध्ये मोठे वाकडे खड्डे शोधतात. आपण २० ते २२ अंशावर, इथं त्या रेघा विरळ असतात अन् खड्डा कधी कधी दिसतच नाही. म्हणून वारा वाचा. पश्चिमेकडून पूर्वेकडं बोट फिरवा, वारा वायव्येचा असता असता जिथं नैऋत्येचा होतो तिथं ट्रफचा आस. तिथं तपकिरी पेन्सिलीनं उभी रेघ मारा.

आता ती रेघ कोणत्या रेखांशावर आहे अन् दक्षिणेला कुठपर्यंत येते ते लिहा. बुलेटिनमध्ये पण असंच येते, पश्चिमी वाऱ्यातला ट्रफ ५.८ किमीवर, अमुक रेखांशावर, अमुक अक्षांशाच्या उत्तरेला. ट्रफ ३० अंशाच्या उत्तरेलाच थांबला असेल तर तो हिमालयाचा पाहुणा, आपलं काही घेणं-देणं नाही. २० ते २२ पर्यंत खाली उतरला असेल तर कान टवकारा.

सगळ्यात कॉमन चूक: ट्रफ बरोबर डोक्यावर आला की गारपीट होईल असं समजणं. हवा वर चढते ती ट्रफच्या पुढं, म्हणजे पूर्वेला. ट्रफ गुजरात-राजस्थानच्या बाजूला अन् आपण त्याच्या पुढं, हा धोक्याचा दिवस. ट्रफ छत्तीसगडला पोचला अन् आपल्यावर वायव्येचा वारा सुरू झाला की हवा खाली बसते, आभाळ मोकळं होते. कितीतरी वेळा लोक ट्रफ निघून गेल्यावर चना झाकतात.

दुसरं, वाऱ्याचा वेग. जमिनीवरचा वारा अन् ५०० चा वारा यातला फरक, यालाच शिअर म्हणतात. ३५-४० नॉटच्या पुढं गेला की ढग एका जागी येऊन अर्ध्या तासात मरत नाही, तिरपा वाढतो, पाऊस त्याच्या स्वतःच्या तोंडात पडत नाही, अन् असा ढग गार मोठी करायला पुरेसा वेळ जगतो. फरक दिशेसकट काढायचा. खाली आग्नेयेचा १० अन् वर पश्चिमेचा ४५ असेल तर दोघं उलट दिशेचे, फरक ५० च्या वर जातो. दोन्ही पश्चिमेचेच असते तर ३५ च राहिला असता. फेब्रुवारी-मार्चात शिअर मुबलक असतो अन् केप कमी, मे मध्ये उलटं. माझा चना गेला तो याच अडाणीपणामुळं.

तिसरं, ५०० चं तापमान. पावसाळ्यात ते साधारण उणे ५ च्या आसपास असते. फेब्रुवारी-मार्चात ट्रफसोबत थंड हवा आली की उणे १२ च्या खाली जाते. आता ७०० चं तापमान काढा अन् दोघांचा फरक घ्या. दोघांत साधारण पावणेतीन किलोमीटरचं अंतर आहे. फरक २० अंश किंवा जास्त असेल तर हवा वरपर्यंत "सैल" आहे, एकदा ढग उठला की थांबत नाही. १६ च्या खाली असेल तर गार अवघड.

> तपासा: पुढं जाण्याआधी कोऱ्या नकाशावर तीन गोष्टी लिहिलेल्या पाहिजेत: ट्रफचा आस, विदर्भावरचा ५०० चा वारा दिशेसकट, अन् ७०० वजा ५०० चा आकडा. एक पण नसेल तर परत जा.

## टप्पा ४: ७०० एचपीए, झाकण अन् कोरडी हवा

७०० वर दोन उलट गोष्टी एकाच वेळी होतात, म्हणून इथं गोंधळ होतो.

एक, इथं हवा फार गरम असेल तर ती झाकणासारखी बसते. खालची हवा वर येते, या गरम थराला धडकते अन् थांबते. एप्रिल-मे मध्ये राजस्थान-मध्य प्रदेशकडून तापलेली कोरडी हवा या उंचीवर वाहत येते तेव्हा हे होते. माझा गव्हाचा फजितवाडा याच झाकणानं केला.

दोन, ७०० ची हवा कोरडी असणं हे गारेसाठी वाईट नाही, उलट! पावसाचे थेंब अन् गारा या कोरड्या हवेतून पडताना बाष्पीभवनानं हवा थंडगार होते, जड होते अन् धाडकन खाली येते. टिनं उडतात ते यानं. गार पण कमी वितळते. म्हणून ७०० कोरडं पाहून "ओलावा नाही, काही होत नाही" असं म्हणू नका. ओलावा पाहायची लेव्हल ही नाहीच, ती पुढची.

७०० अन् ५०० चा सरासरी वारा म्हणजे ढग कुठं जाईल त्याचा अंदाज, तो इथंच लिहून घ्या. नैऋत्य-पश्चिमेचा ३० नॉट असेल तर ढग ताशी ५५ किमीनं चालला. अकोल्यावरचा ढग अमरावतीला दोन तासांच्या आत.

## टप्पा ५: ८५० एचपीए, ओलावा आला का?

वर कितीही तयारी असली तरी खाली दारूगोळा नसेल तर काही पेटत नाही. आपल्याकडं फेब्रुवारी ते मे हा ओलावा जास्त करून बंगालच्या उपसागरावरून येतो. पूर्व किनाऱ्याजवळ उलटं चक्रीवादळ, म्हणजे घड्याळाच्या काट्यासारखं फिरणारं वाऱ्याचं चक्र बसते, अन् त्याच्या पश्चिम बाजूनं दक्षिण-आग्नेयेचा वारा तेलंगणावरून आपल्याकडं ओलावा ढकलतो. हा वारा हिरव्या पेन्सिलीनं काढा. कुठून सुरू झाला ते समुद्रापर्यंत मागं न्या. नुसता आग्नेयेचा वारा पुरत नाही, त्याच्या मागं समुद्र लागतो. छत्तीसगडच्या जमिनीवरून फिरून आलेला असेल तर कोरडाच.

आर्द्रतेचा टक्का पाहू नका. ही दुसरी मोठी चूक. पहाटे थंडीत ८० टक्के दिसते अन् दुपारी तीच हवा २५ टक्के दाखवते, ओलावा तेवढाच. दवबिंदू पहा, म्हणजे हवा किती अंशाला थंड केली की तिच्यातल्या ओलाव्याचं दव व्हायला लागते तो आकडा. माझा ढोबळ हिशोब: मार्चात ८५० वर दवबिंदू १० च्या वर अन् मे मध्ये १४ च्या वर असेल तर माल आहे. मार्चात ४-५ असेल तर वर कितीही भारी ट्रफ येऊ दे, नुसतं आभाळ येईल, चार थेंब पडतील.

अजून एक. ओलावा आदल्या रात्रीपासून यायला लागतो. एका चार्टवर समाधान मानू नका, मागच्या तीन-चार वेळांचे चार्ट पहा, दवबिंदू चढतोय की उतरतोय. चढत असलेला ९ हा उतरत असलेल्या १२ पेक्षा मला जास्त घाबरवतो.

## टप्पा ६: ९२५ अन् जमीन, रेघ कुठून जाते

आता शोधायची ती रेघ जिच्या एका बाजूला वायव्य-पश्चिमेचा कोरडा गरम वारा अन् दुसऱ्या बाजूला दक्षिण-आग्नेयेचा ओला वारा. बातम्यांत तिलाच वाऱ्याची खंडितता म्हणतात. "विदर्भापासून दक्षिण कर्नाटकापर्यंत, ०.९ किमीवर" असं बुलेटिनमध्ये येते ते हेच. लाल पेन्सिलीनं काढा.

या रेघेवर वारे एकमेकांत घुसतात, खालची हवा उचलली जाते, ढग तिथं अन् तिच्या पूर्वेला उठतात. पश्चिमेला राहिलेल्यांना नुसती धूळ अन् ऊन. बुलढाणा कोरडा अन् वर्धा-नागपूरला गारा, असं बरेचदा होते ते यामुळं. रेघ दुपारून ऊन वाढलं की पूर्वेकडं सरकू शकते, म्हणून सकाळी ११:३० अन् दुपारी २:३० दोन्ही चार्टवर काढा.

वरुड-मोर्शी-नरखेड पट्ट्यातल्या संत्रावाल्यांनी सातपुड्याकडं पण लक्ष ठेवावं. डोंगराचा उतार लवकर तापतो, रेघ दूर असली तरी तिकडं आभाळ आधी चढते. अन् याच महिन्यांत मृग बहाराचा माल तोडणीला अन् आंबिया बहाराची फळधारणा, म्हणजे दोन्ही अंगानं मार.

> सावधान: मॉडेलची रेघ ४०-५० किमी इकडं-तिकडं असणं नेहमीचं आहे. गारेचा पट्टा कधी कधी दोन किलोमीटरचाच असतो. म्हणून गावाचं नाव घेऊन अंदाज सांगू नका. तालुके सांगा, तेही तीन-चार मिळून.

## टप्पा ७: नागपूरचा फुगा

आतापर्यंत मॉडेल पाहिलं. आता खरी मोजलेली हवा. नागपूरहून हवामान खातं सकाळी ५:३० अन् संध्याकाळी ५:३० च्या वेळेचा, मोजमापाचं यंत्र बांधलेला फुगा सोडते. त्याचे आकडे युनिव्हर्सिटी ऑफ वायोमिंगच्या साईटवर मिळतात, स्टेशन नंबर ४२८६७. आजूबाजूचं पाहायचं असेल तर भोपाळ ४२६६७, हैदराबाद ४३१२८. ओलावा दक्षिणेकडून येणार असेल तर हैदराबादचा सकाळचा फुगा आपल्या संध्याकाळबद्दल नागपूरपेक्षा जास्त सांगून जातो.

आकड्यांच्या तक्त्यात पहिले दाब, मंग उंची, तापमान, दवबिंदू, अन् पुढं वाऱ्याची दिशा अन् वेग. ८५०, ७००, ५०० या तीन ओळी मॉडेलशी जुळवून पहा. मॉडेल म्हणते ८५० वर दवबिंदू ११ अन् फुगा म्हणते ५, तर मॉडेल खोटं बोलतेय, त्याचा केप कचऱ्यात टाका.

इथं सगळे आपटतात: सकाळच्या फुग्याखाली छापलेला केप तसाच उचलू नका. तो पहाटेच्या १८-२० अंशाच्या थंड हवेचा केप आहे, बहुतेक वेळा शून्यच येतो. त्याला दुपारचं ऊन द्यावं लागते. आलेखावर करता येते पण मी कागदावरचा हिशोब सांगतो:

१. आजचं कमाल तापमान किती जाईल ते घ्या, समजा ३५.

२. ढग व्हायच्या आधी वर जाणारी हवा दर किलोमीटरला जवळपास १० अंश थंड होते. नागपूरच्या जमिनीपासून ८५० पर्यंत १.२ किमी, म्हणजे १२ अंश. ३५ वजा १२ म्हणजे २३. फुग्यात ८५० चं तापमान २३ पेक्षा कमी असेल तर आपली हवा तिथून आरामात निघून जाते. २६ असेल तर आज तिथंच अडकणार.

३. जमिनीवरचं तापमान वजा दवबिंदू, त्याला १२५ नं गुणा, म्हणजे ढगाचा तळ जमिनीपासून किती मीटरवर ते येते. ३५ वजा १६ म्हणजे १९, गुणिले १२५, साधारण २४०० मीटर.

४. त्या उंचीवर आपली हवा किती अंशाची अन् बाहेरची किती, हे जुळवा. आपली बाहेरच्याइतकी किंवा जास्त गरम असेल तर झाकण उघडलं.

मे मध्ये ४३ तापमान अन् १२ दवबिंदू असा हिशोब केला तर तळ ३८०० मीटरच्या वर जातो. अशा ढगातून पाऊस जमिनीवर पोचत नाही, पण वारा पोचतो, ईज पोचते. आभाळ फार काळं दिसत नाही म्हणून लोक झाडाखाली थांबतात, तिथंच घात होतो.

अन् दवबिंदू सकाळचा घेऊ नका. दुपारी वरची कोरडी हवा खाली मिसळते अन् तो दोन-चार अंशानं पडतो. खालच्या एक किलोमीटरची सरासरी धरा.

## टप्पा ८: आता इंडेक्स अन् रंग

एवढं झाल्यावर केप उघडायला परवानगी आहे. अन् खालचे दोन इंडेक्स स्वतः हिशोब करून काढायचे:

टोटल टोटल्स: ८५० चं तापमान अधिक ८५० चा दवबिंदू, वजा ५०० च्या तापमानाची दुप्पट. ४४ च्या पुढं गडगडाट, ५० च्या पुढं जोराचं, ५५ च्या पुढं गंभीर असं धरतात.

के इंडेक्स: ८५० अन् ५०० च्या तापमानातला फरक, अधिक ८५० चा दवबिंदू, वजा ७०० वरचा तापमान अन् दवबिंदूतला फरक. ३० च्या वर गडगडाटाची शक्यता चांगली.

दोन्ही फसवतात. एप्रिलातली कोरडी हवा घ्या, ८५० वर २८, दवबिंदू ४, ५०० वर उणे ९. बेरीज २८ अधिक ४ अधिक १८, झाले ५०. अन् आभाळात कापसाएवढा ढग नाही! नुसत्या तापमानानं आकडा फुगला. के इंडेक्सचं उलटं, ७०० कोरडं असलं की तो खाली पडतो, अन् आपण टप्पा ४ मध्ये पाहिलं की गारेच्या दिवशी ७०० कोरडं असू शकते. म्हणून के इंडेक्स कमी आला म्हणून गार नाही असं कधीच म्हणू नका.

एक सराव, आकडे मी समजायला घेतलेत. मार्चचा दिवस, ट्रफ ७२ पूर्वेवर, खाली २१ अंशापर्यंत. ८५० वर तापमान २१, दवबिंदू ११, वारा दक्षिण-आग्नेयेचा. ७०० वर ९ अन् उणे ३. ५०० वर उणे १२, पश्चिम-नैऋत्येचा ४५ नॉट. जमिनीवर ३५, दवबिंदू १६, वारा आग्नेयेचा १०.

ट्रफच्या पुढं आहोत? हो. ७०० वजा ५००: २१. शिअर: पन्नासच्या आसपास. ओलावा समुद्राकडून, १० च्या वर. ३५ वजा १२ म्हणजे २३, बाहेर २१, ८५० पार. ढगाचा तळ जमिनीपासून २४०० वर, तिथं आपली हवा ११-१२ अंशाची अन् बाहेरची पण जवळपास १२, झाकण संपत आलंय. टोटल टोटल्स ५६, के इंडेक्स ३२. शून्य अंशाची पातळी सव्वाचार किलोमीटरच्या आसपास, पावसाळ्यात ती पाचच्या वर असते, म्हणजे गारेला वितळायला कमी रस्ता. अशा दिवशी केपचा रंग पिवळा असला तरी मी गंजी झाकतो.

आता यातला फक्त ओलावा बदला, ८५० चा दवबिंदू ११ चा ३ करा, जमिनीवरचा १६ चा ८. सगळं कोसळते. ढगाचा तळ साडेतीन किलोमीटरच्या जवळ जातो अन् हाती राहते धुळीचं वादळ.

## टप्पा ९: त्या दिवशी दुपारून

एक वाजल्यापासून चार्ट बंद करा. आता सॅटेलाईट अन् नागपूरचं रडार, अन् बाहेर जाऊन आभाळ. चार्टनं सांगितलेली लाल रेघ अन् प्रत्यक्ष ढगांची पहिली रांग जुळते का पहा. नाही जुळली तर रेघ ढगांच्या जागी सरकवा, ढगांना रेघेच्या जागी नाही.

हवामान खात्याचा नागपूरचा इशारा अन् तीन तासांचा नाऊकास्ट हा आपल्या हिशोबाच्या वर. त्यांचा ऑरेंज असेल अन् आपला कागद "काही नाही" म्हणत असेल तर ऑरेंज पाळा, अन् आपण काय चुकलो ते रात्री शोधा. ईजेसाठी मोबाईलवर दामिनी ॲप ठेवा. शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून अर्धा तास वावरात जाऊ नका, ताडपत्री उडाली तरी जाऊ नका.

## टप्पा १०: वही

ही पायरी सगळे सोडतात. दोनशे पानी वही, प्रत्येक दिवसाला एक ओळ: ट्रफचा रेखांश, ५०० चा वारा, ७०० वजा ५००, ८५० चा दवबिंदू, कमाल तापमान, मी काय म्हटलं, काय झालं. शेवटच्या रकान्यात "गार, सुपारीएवढी, ४:२०, तालुक्याच्या पूर्वेला" असं नेमकं लिहा, "वातावरण खराब" असं नाही.

ज्या दिवशी काहीच झालं नाही तो दिवस पण लिहा. नुसते गारेचे दिवस लिहिले तर वाटते की दवबिंदू १० म्हणजे गार पक्की, पण दवबिंदू १० असून कोरडे गेलेले पंधरा दिवस वहीत नसतातच. वर मी दिलेले १०, १४, २० हे आकडे माझ्या तालुक्याच्या वहीतून अन् ढोबळ नियमातून आलेत. गडचिरोलीत समुद्र जवळ पडतो, जंगल आहे, तिथं ओलाव्याचा आकडा वेगळा निघेल, बुलढाण्याला अजून वेगळा. दोन सीझन ओळी भरल्यावर आपापले आकडे बदलून घ्या, अन् ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकायचाच असेल तर सोबत त्या दिवशीच्या ओळीचा फोटो पण टाका.